खिंडीत थांबलेली आरती

भाऊजी,

तुमच्या जीपची किल्ली शालनने माझ्या हातात ठेवली. तुमचा चष्मा, घड्याळ, कंपनीत शिफ्टला जाताना नेत होतात ती लांब दांड्याची छत्री, हे सगळं तिने स्वतःकडे ठेवलं आणि किल्ली तेवढी मला, थोरल्या जावेला, दिली. "ताई, ही तुमच्याकडं असूदे," एवढंच म्हणाली. रोह्याहून पेणला येईपर्यंत ती किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स मी मांडीवर घेतली नाही, शेजारच्या सीटवर ठेवली. जन्मभर शाळेत मुलांना विद्युतप्रवाह शिकवलेली बाई एका किल्लीला घाबरते आहे हे तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, "वहिनी, ती चावत नाय."

पण मी घाबरलेच होते. अजून आहे.

सुतक संपलं आणि ओमचा फोन आला. तो आणि त्याची बहीण ईरा यंदा कॅनडाहून गणपतीला येत आहेत, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच त्यांना बोलावलं होतंत. "आज्जी," तो म्हणाला, "काकाआजोबा नसले तरी गणपती त्यांच्याच जीपमधून आला पाहिजे. मी चालवीन, ईरा मागे मूर्तीला धरून बसेल. आणि ती कॅसेट लावू, मोठ्याने." मी "बघू" म्हटलं. माझ्याच मुलाला मी असं "बघू" म्हणायची तेव्हा त्याला कळायचं की उत्तर नाही असं आहे. नातवाला ते कळत नाही. त्याने तिकडे ईराला सांगून टाकलं, आज्जी हो म्हणाली.

म्हणून हे लिहायला बसले. लिहिते तुम्हाला, पण वाचणार ती दोघं, आणि त्याला तुमची हरकत नसावी. त्यांना तुमच्याबद्दल जे आठवतं त्यात एक दिवस फार लाडका आहे. पेणहून गणपती आणताना तुम्ही खिंडीत गाडी थांबवलीत आणि त्यांना दूर्वा शोधायला धाडलंत, तो दिवस. ओम अजून सांगतो, "काकाआजोबा असे होते, मनात आलं की थांबायचे." त्या दिवशी तुम्ही मनात आलं म्हणून थांबला नव्हतात. ते आपण दोघांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता त्यांना त्याच गाडीत बसायचं आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

सुरुवात सासूबाईंच्या आवाजापासून झाली. पेणच्या त्याच कारखान्यातून मूर्ती घ्यायची आणि कारखान्याच्या उंबऱ्यापासून रोह्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आरती म्हणत आणायची, ही आपल्या घरची रीत. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात बैलगाडी होती, तेव्हा म्हणे वाटेत गावोगाव माणसं येऊन सूर धरायची. जीप आली आणि इंजिनाच्या आवाजात सासूबाईंचं म्हणणं कोणाला ऐकू येईना. त्या चिडायच्या. मग एका गणपतीत तुम्ही घरातली आरती टेपरेकॉर्डरवर भरून घेतलीत. त्यात सासूबाई, हे, तुम्ही, शालन, मी, सगळेच होतो. पण कॅसेट जीपमध्ये लावली तर साध्या टेपचा आवाज पुढच्या सीटवरच संपायचा. "आईचा आवाज खिंडीत घुमला पाहिजे," म्हणालात आणि पनवेलहून तो अॅम्प्लिफायर घेऊन आलात. विटेएवढा काळा डबा, बाजूला पत्र्याच्या पट्ट्यापट्ट्या, आणि बरोबर दोन मोठे स्पीकर.

त्या डब्याची इंग्रजी पुस्तिका तुम्ही मला वाचायला दिलीत. मी वाचून दाखवलं ते ओम-ईरासाठी पुन्हा लिहिते, कारण पुस्तिका कधीच हरवली. असा डबा खूप वीज ओढतो, म्हणून त्याची वायर थेट बॅटरीपासून न्यावी लागते, जाड आणि अस्सल तांब्याची. ती बॅटरीपासून निघाल्यावर हातभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज हवा. फ्यूज डब्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर कुठे सोलवटून गाडीच्या पत्र्याला टेकली तर सगळी बॅटरी तिच्यातून धावते, वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होते. तेव्हा फ्यूजने आधी वितळायचं असतं. म्हणजे तो तुटतो हेच त्याचं काम.

"तुटायचंच काम?" तुम्ही म्हणालात. "मग आपल्या कंपनीतले निम्मे साहेब फ्यूजच आहेत."

तुम्ही फ्यूज बसवलात, बॅटरीजवळच. पण वायर टाकलीत ती विहिरीच्या पंपाची उरलेली, त्या डब्याच्या मानाने बारीक. आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतलीत तिथे भोकाच्या कडेला रबर लावलं नाहीत. मी म्हटलं, पत्र्याची कड सुरीसारखी असते. तुम्ही म्हणालात, लावतो, गणपती होऊदेत.

त्या वर्षी सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. वडखळ ओलांडलं आणि तुम्ही आवाज चढवलात, आणि मधल्या कडव्यात सगळं बंद पडलं. फ्यूज उडाला होता. बारीक फ्यूज होता, आवाज मोठा होता, त्यात अघटित काही नव्हतं. पण सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. "मधीच तुटली गो आरती," म्हणाल्या. "आजवर कधी तुटली नव्हती."

पुढच्या गणपतीला त्या नव्हत्या.

त्यांचं वय झालं होतं, दम्याने थकल्या होत्या, हे तुम्हालाही कळत होतं. तरी पुढच्या वर्षी कारखान्यासमोर तुम्ही बॉनेट उघडलंत तेव्हा मला फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पिळलेला जुडगा दिसला. मी मुलांकडे पाहिलं. ती तेव्हा लहान होती, सुट्टीवर आली होती, कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या बाईंसमोर तोंड उघडं टाकून उभी होती.

"भाऊजी, हे काय आहे?"

"आता तुटणार नाय."

"तुटायला हवा म्हणून तर तो असतो."

"वहिनी, आईची आरती आहे ती. परत मधी थांबली तर मला चालायचं नाय."

"थांबलेली चालेल. पेटलेली चालणार नाही."

"झालं, मास्तरीणबाईंनी शाळा उघडली," तुम्ही बॉनेट आपटलंत आणि हसलात. तुमचं हसणं असं होतं की त्यापुढे बोलणाऱ्याला आपण उगीच किरकिर करतो आहोत असं वाटायचं. मागे कारखान्यातला माणूस दोन बाकांच्या मधे पेंढा भरत होता. मूर्ती हलू नये म्हणून गुडघाभर भाताचा पेंढा, गच्च दाबून, वर्षभर माळ्यावर वाळलेला. त्या पेंढ्याखाली रबरी मॅट, मॅटखाली बाकाखालच्या डब्याकडे गेलेली ती वायर. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना बाकावर ईरा आणि ओम. हे सगळं एका नजरेत मला दिसलं. पण मुहूर्त होता, मागे गाड्यांची रांग होती. मी पुढे चढून बसले.

नागोठण्याला वळलो, रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि खिंड चढायला लागलो. तुम्ही आवाज वाढवलात. सासूबाईंचा आवाज खरोखरच दोन्ही बाजूंच्या दरडींवरून परत येत होता. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात, ऐकलंत ना, अशा. मी हसलेही असेन. मग मला वास आला. इस्त्रीखाली नायलॉनची साडी यावी तसा. मी खाली पाहिलं तर माझ्या पायाशी मॅटच्या कडेखालून धुराची रेघ निघत होती. त्याच क्षणी सासूबाईंचा आवाज खोल गेला आणि आरती थांबली.

तुम्ही गाडी कडेला घेतलीत, किल्ली फिरवून बंद केलीत. धूर थांबला नाही. थांबणार कसा, ती वायर थेट बॅटरीवरची, किल्लीशी तिचा संबंधच नव्हता. ओम, ईरा, हे नीट वाचा: अशा वायरला किल्ली बंद केलेली कळत नाही.

पुढे तुम्ही जे बोललात ते मी शब्दन् शब्द सांगू शकते. मागे वळलात आणि अगदी खेळीमेळीच्या आवाजात म्हणालात, "चला रे, उतरा उतरा. दूर्वा राहिल्या की आपल्या. ओम्या, त्या बांधावर बघ. तीन पात्यांची हवी हां, दोनाची नाय चालत त्याला. जास्त आणेल त्याला पहिला मोदक." दोघांनी मागून उड्या मारल्या आणि बांधाकडे पळाली. माझ्याकडे तुम्ही पाहिलंत तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. "वहिनी, त्यांना तिकडंच ठेवा. वळू देऊ नका."

मी मुलांच्या आणि गाडीच्या मधे उभी राहिले. मी ईराला दूर्वांची पाती मोजून दाखवत होते. पाठीमागे बॉनेटचा आवाज आला. बोल्ट सोडवायचे पाने पेंढ्याखालच्या पेटीत होते, काढायला वेळ नव्हता. तुम्ही वायर नुसत्या हाताने पकडलीत आणि बॅटरीवरून उपटलीत. तुमच्या तोंडून आवाज निघाला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा तुम्ही मूर्ती छातीशी धरून खाली आणत होतात. ती दगडावर ठेवलीत आणि पेंढा कवेत घेऊन बाहेर ओढलात. मधला पुंजका काळा पडला होता, त्याच्या कडा लाल होऊन पुढे सरकत होत्या. ज्योत अजून उठली नव्हती. ईराच्या बाटलीतलं पाणी तुम्ही त्यावर ओतलंत आणि पायाने चुरगाळलंत.

आणखी थोडा वेळ गेला असता तर? हा विचार मी त्या दिवसापासून करते आहे आणि तो कधीच पूर्ण करत नाही. मुलांनी कॅनडाहून नुसता फोटो पाठवला तरी मला आधी तो पुंजका दिसतो, मग त्यांचे चेहरे.

"काकाआजोबा, हाताला काय झालं?" ओमने विचारलं. मूठभर दूर्वा घेऊन आला होता.

"शेंदूर लागला रे."

पुढे मूर्ती मी मांडीवर घेतली. तुम्ही एका हाताने गाडी चालवलीत आणि मोठमोठ्याने भजनं म्हणालात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आरती मात्र तुम्ही म्हटली नाहीत, तुटली होती तिथून पुढेही नाही आणि पहिल्यापासूनही नाही. घरी शालनला सांगितलंत, सायलेन्सरला हात लागला. मला ओटीवर हळूच म्हणालात, "वहिनी, पोरांच्या आईबापाला बोलू नका. परत पाठवायचे नायत इकडं." मी बोलले नाही. मलाही तीच भीती होती.

नंतर एकदा तुमचा फोन आला. "वहिनी, नवी वायर टाकलीय. फ्यूज आणलाय."

"कुठे बसवला?"

"या, बघा."

"भाऊजी, कुठे ते सांगा."

"सांगून काय कळतंय? बघायला या. परीक्षा घ्या तुमची."

येईन म्हटलं, आणि आले नाही. म्हणजे रोह्याला येत राहिले, दर गणपतीला, पण रेल्वेने. तुमच्या अंगणात जीप उभी असायची आणि मी तिच्या लांबून पायरी चढायची. बॉनेट उघडलं आणि आत पुन्हा तांब्याचा जुडगा दिसला तर काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. तुम्ही दरवर्षी मूर्ती एकट्याने आणलीत, स्वतःच्या आवाजात आणि एका झांजेवर. कोणी विचारलं तर "टेप रुसलाय," म्हणायचात. मला वाटायचं, रुसलाय तो माझ्यावर, आणि टेप नव्हे, तुम्ही. आपण राजकारणावर भांडलो, आंबोळीत मेथी घालावी की नाही यावर भांडलो. या एका गोष्टीवर मात्र पुन्हा भांडलो नाही, आणि तिथेच काहीतरी अडकून राहिलं.

काल सकाळी मी रोह्याला गेले. ओमला "नाही" म्हणायचं तर कारण हवं, आणि "हो" म्हणायचं तर त्याहून जास्त हवं. शालन अंगणात आली. सांगितलं नव्हतं तरी तिने घमेल्यात वाळू भरून ठेवली होती. "यांनी मागाहून मला सगळं सांगून ठेवलंय," म्हणाली. "ताई बॉनेट उघडतील तेव्हा वाळू जवळ ठेव, नायतर त्या उघडायच्या नायत."

आधी मी बॅटरीचं वजा टोक पान्याने सोडवलं. कुठलंही काम त्यानंतरच सुरू करायचं. मग पाहिलं. वायर अंगठ्याएवढी जाड, तांब्याची. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूजची डबी, पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली. पुढे वायर वेगळ्या नळीतून नेलेली, इंजिनाच्या गरम भागापासून लांब, जागोजाग बांधलेली. पत्र्याच्या भोकात रबराची जाड कडी. मी तिच्यावरून बोट फिरवलं, कुठे कड लागत नव्हती. आत मॅटखालून नाही, दाराच्या बाजूने. डबा बाकाखालून काढून ड्रायव्हरच्या मागे फळीवर उंच बसवलेला, पेंढा भरला तरी पोचू नये असा. डब्याची दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला जोडली होती तिथला रंग खरवडून पत्रा स्वच्छ केलेला. जे जे मी त्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं होतं ते सगळं. मधे किती वर्षं गेली होती, भाऊजी, आणि तुम्ही त्यातला एक शब्द विसरला नव्हतात.

मग मी फ्यूजची डबी उघडली. ती रिकामी होती.

तार नाही, जुडगा नाही, फ्यूजही नाही. वायर तिथे तुटलेली, पुढे वीज जायची सोयच नाही. मी शालनकडे पाहिलं. ती आत गेली आणि देव्हाऱ्यातली फुलवातींची डबी घेऊन आली. वातींच्या खाली तळाशी फ्यूज होता, काचेची एक नळी, आतली पट्टी अखंड, कधीच न वापरलेली.

"वाती भरताना रोज हाताला लागतो," ती म्हणाली. "मी म्हटलं, एवढं सगळं केलंत तर घाला की. म्हणाले, वहिनींनी बघितल्याशिवाय नाय घालायचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. बघायला या म्हणत होते ना?" मग तिने वाळूचं घमेलं उगीचच जरा सरकवलं. "घाबरायचे हो, ताई. गाडी घेऊन निघाले की मागं हात घालून मॅट चाचपायचे, गरम आहे का बघायला. वायर जोडलेली नाय हे माहीत असून."

मी इतकी वर्षं समजत होते की घाबरलेली मी एकटीच आहे. तुमच्या हसण्याचा मला राग यायचा, कारण मला वाटायचं, या माणसाला त्या दिवसाचं काहीच राहिलं नाही. तुम्ही हसत होतात आणि मॅट चाचपत होतात. मी रेल्वेने येत होते. एकदा तरी अंगणात दोघांनी मिळून ते बॉनेट उघडायला हवं होतं. तुम्ही "पास की नापास?" विचारलं असतंत, मी "अक्षर सुधारा" म्हटलं असतं.

नळी मी पुसली, डबीत बसवली. मग वजा टोक परत जोडलं, पान्याने घट्ट केलं आणि पाना हातातच ठेवला. शालन घमेलं घेऊन उभी राहिली. कॅसेट आतच होती. त्या दिवसापासून टेपचं बटण तुम्ही दाबलंच नव्हतं. मी किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक जाड, ओढलेला आवाज, ओळखू न येणारा. माझा हात बॅटरीकडे गेला. मग फीत सुटली, आणि सासूबाई, खिंडीत ज्या अक्षरावर थांबल्या होत्या तिथून पुढे म्हणू लागल्या. त्यांच्यामागे हे, नेहमीप्रमाणे अर्धी मात्रा उशिरा. शालनचा आवाज, माझा आवाज, किती कोवळा होता तो. आणि सगळ्यांच्या वर तुम्ही, टाळ्या चुकवत. शालनने घमेलं खाली ठेवलं आणि ती पायरीवर बसली. शेजारची माणसं कुंपणाशी आली.

आरती शेवटापर्यंत गेली. शेवटी भांड्यांचा आवाज, आणि सासूबाईंचं बोलणं, जे आम्ही विसरूनच गेलो होतो: "झाली गो आरती. कापूर दे इकडं."

ओम, गाडी तू चालव. निघण्याआधी कारखान्यासमोर बॉनेट उघडायचं, मी शेजारी उभी असेन आणि घाई करायची नाही, मागे कितीही गाड्या असोत. ईराने पेंढा डब्याला लागू द्यायचा नाही. वाटेत आरती थांबली तर थांबू द्यायची आणि खाली उतरायचं. मीही येणार आहे. पुढच्या सीटवर बसेन. घाबरलेली असेन, माझ्याशी फार बोलू नका.

कॅसेट संपल्यावर मी बॅटरीपासून सुरुवात केली आणि वायरवरून हात फिरवत गेले. फ्यूजच्या डबीवरून, भोकातल्या रबरावरून, दाराच्या कडेने मागे, तुमच्या फळीपर्यंत. सबंध वायर गार होती, भाऊजी.